पिकातील वर्तुळे : परीक्षणातून काय सिद्ध होते?

दक्षिण इंग्लंडमधील विल्टशायर काउंटीत उन्हाळ्याच्या दिवसांत गहू व बार्लीच्या शेतांमध्ये एका रात्रीत भव्य भौमितिक आकृत्या उमटतात. ‘क्रॉप सर्कल’ या नावाने त्या जगभर परिचित आहेत. नव्या आकृतीची वार्ता येताच अभ्यासक, छायाचित्रकार व हौशी पर्यटक तेथे धाव घेतात. तथापि, तेथे नेमके काय तपासावे, याविषयी बरेच गैरसमज आढळतात.

शेत ही खासगी मालमत्ता असल्याने प्रथम शेतमालकाची परवानगी आवश्यक ठरते. आत शिरण्यासाठी ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांचा वापर केला जातो. आकृती काढणारेही याच वाटेने येतात. त्यामुळे उभ्या पिकात पाऊलखुणा नसणे, हा गूढतेचा पुरावा ठरत नाही.

पाहणी जितक्या लवकर होईल तितकी उपयुक्त, कारण अभ्यागतांच्या पायांखाली मूळच्या खुणा नाहीशा होतात. वर्तुळाच्या मध्याशी खुंटीचे छिद्र आहे काय, आडव्या पिकाखाली आखणीच्या अरुंद रेषा दडल्या आहेत काय, हे पाहिले जाते. कोणता थर कोणत्या थरावर पडला आहे, यावरून आकृतीचा कोणता भाग आधी काढला गेला, हेही उमगते.

ताटांच्या वाकलेल्या पेरांकडे अनेकदा अज्ञात ऊर्जेचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. परंतु हिरवे ताट आडवे पडल्यावर पेराच्या खालच्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि ताट पुन्हा वर वळू लागते. गुरुत्वाकर्षणाला वनस्पतीने दिलेला हा नैसर्गिक प्रतिसाद होय. वादळी पावसाने लोळलेल्या गव्हातही तो दिसतो. म्हणूनच अशा पिकाचे नमुने तुलनेसाठी घेणे अगत्याचे असते.

तज्ज्ञांच्या निरीक्षणाची मर्यादा १९९१ मध्ये उघड झाली. साउदॅम्प्टनचे डग बोवर व डेव्ह चोर्ली यांनी फळी आणि दोरीच्या साहाय्याने आपण वर्षानुवर्षे अशी वर्तुळे काढत असल्याचे जाहीर केले. ‘टुडे’ या वृत्तपत्रासाठी त्यांनी काढलेली आकृती या विषयाचे नामवंत अभ्यासक पॅट डेल्गाडो यांनी अस्सल ठरवली होती. ‘अस्सल’ आणि ‘बनावट’ यांतील भेद ओळखणारी कसोटीच त्यामुळे निरर्थक ठरली. २००१ मध्ये मिल्क हिल येथे ४०९ वर्तुळांची विशाल आकृती प्रकटली. परंतु केवळ रचनेची जटिलता हाही अलौकिकतेचा पुरावा नव्हे.

या कुतूहलाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. आडवे पडलेले पीक कापणी यंत्राच्या पात्यांत नीट येत नाही आणि बघ्यांच्या गर्दीने उभे पीकही तुडवले जाते. काही शेतकरी प्रवेशद्वाराशी देणगीपेटी ठेवतात, तर काही जण गर्दी होण्यापूर्वीच आकृती कापून टाकतात. परवानगीविना अशी आकृती काढणे हा गुन्हा असून, २००० मध्ये अशा एका प्रकरणात न्यायालयाने दंडही ठोठावला होता.