अ‍ॅम्प्लिफायरची दीड मीटर वायर

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातले साखर कारखान्याचे गाव. तिथल्या एका शिक्षकमित्रांनी घरी गाणी ऐकण्यासाठी मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. दोन स्पीकरना प्रत्येकी २०० वॅट देणारा. दुकानदार म्हणाला, "सोबतची वायर काढून टाका. खास पॉवर केबल लावा, आवाज मोकळा होईल." त्या केबलच्या किमतीत शाळेच्या प्रयोगशाळेसाठी चांगले मल्टिमीटर आले असते, तेही एकाहून जास्त. खरेच फरक पडतो का, असे त्यांनी मला विचारले. दहावीपर्यंत शिकवला जाणारा ओहमचा नियम या प्रश्नाला पुरेसा आहे.

आधी प्रवाह किती लागतो ते पाहू. स्पीकरना ४०० वॅट द्यायचे, तर काही शक्ती उष्णतेत जाणारच. तेव्हा पुरवठ्यातून ७०० वॅट घेतले असे धरू. ७०० भागिले २३० म्हणजे सुमारे ३ अँपिअर. पण हिशोब इतका सरळ नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मर, मग डायोड आणि मग मोठे कपॅसिटर असतात. व्होल्टेजची लाट माथ्याजवळ आली की तेवढ्याच वेळात कपॅसिटर भरले जातात. एरवी ते पुरवठ्यातून काही घेत नाहीत. त्यामुळे वायरमधून प्रवाह संथ वाहत नाही, सेकंदाला १०० वेळा हिसके देत वाहतो.

याचा परिणाम मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. समजा, २ अँपिअर प्रवाह सतत वाहतो आहे. तेवढाच विद्युतभार पाव वेळात न्यायचा, तर त्या वेळात ८ अँपिअर लागतील. सरासरी दोन्हीकडे २ अँपिअरच. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. पहिल्या बाबतीत वर्ग ४, दुसऱ्या बाबतीत ६४ चा पाव भाग, म्हणजे १६. सरासरी तीच आणि तापणे चौपट! म्हणून आपल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ३ ऐवजी ५ अँपिअर प्रभावी प्रवाह धरू. हिसक्याच्या माथ्यावर तो १५ अँपिअरपर्यंत जाईल असेही मानू. हे सारे पूर्ण आवाजात. बैठकीच्या खोलीत गाणे ऐकताना सरासरी प्रवाह याच्या कितीतरी खाली असतो.

आता वायर. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या १ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. आपली वायर दीड चौरस मिलिमीटरची, दीड मीटर लांब. प्रवाह जातो तसा परतही येतो, म्हणून लांबी ३ मीटर धरायची. रोध आला ०.०३४ ओहम. ५ अँपिअरला घट ०.१७ व्होल्ट, हिसक्याच्या माथ्यावर अर्धा व्होल्ट. जगातली सर्वांत महाग केबल आणली, अगदी शून्य रोधाची, तरी वाचणार ते एवढेच.

शिवाय वीज त्या केबलपर्यंत पोचते कशी? कोयनेच्या किंवा सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या केंद्रातून निघून शेकडो किलोमीटरच्या तारा, उपकेंद्रे, गावातला ट्रान्सफॉर्मर, खांबांवरची ॲल्युमिनियमची तार, मीटर आणि मग भिंतीतली वायर. मीटरपासून सॉकेटपर्यंत १५ मीटर वायर असली, तरी तिचाच रोध आपल्या केबलच्या दहापट होतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला ६ टक्के चढउताराची मुभा होती, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट. त्यापुढे ०.१७ व्होल्टची काय कथा!

चांदीच्या मुलाम्याबद्दलही बरेच सांगितले जाते. चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच कमी. प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो हे उच्च वारंवारतेला खरे आहे, पण ५० हर्ट्झला तो तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर खोलवर शिरतो. आपली तार जेमतेम १.४ मिलिमीटर जाड!

मग वायरकडे लक्षच द्यायचे नाही का? द्यायचे, पण आवाजासाठी नव्हे. गणपतीत किंवा स्नेहसंमेलनात जोडतात तसली अर्ध्या चौरस मिलिमीटरची, १५ मीटरची बारीक वायर घ्या. तिचा रोध १ ओहम. ५ अँपिअरला २५ वॅट उष्णता तिच्यात निर्माण होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. गुंडाळी तशीच गालिच्याखाली असेल तर कुठे जाणार? साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. गंमत अशी, की इतक्या वाईट वायरनेही कान फारशी तक्रार करत नाही. व्होल्टेज ५ टक्क्यांनी घटले तर कमाल शक्ती सुमारे १० टक्क्यांनी घटते, म्हणजे अर्ध्या डेसिबलहूनही कमी. धोका ऐकू येत नाही, हीच अडचण आहे.

त्याहून वाईट म्हणजे सैल सॉकेट. तिथला स्पर्शरोध ०.१ ओहम झाला, तर ५ अँपिअरला अडीच वॅट उष्णता होते. आकडा लहान, पण ती सारी पितळेच्या चिमूटभर जागेत. प्लग हाताला गरम लागला किंवा पिना काळ्या पडल्या तर सॉकेट बदलायचे.

आमच्या मित्रांना मी सुचवले ते असे: आयएस ६९४ छाप असलेली, तांब्याची, तीन तारांची, दीड चौरस मिलिमीटरची लवचीक वायर, लांबी हवी तेवढीच, १६ अँपिअरचा घट्ट बसणारा प्लग. मल्टिप्लगवर टीव्ही, इस्त्री आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र नको. आणि गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका. ही गुणगुण बहुधा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वळशाने येते. दोन्ही उपकरणे एकाच सॉकेटवर घेतली तर ती पुष्कळदा जाते. पिन काढल्यावर मात्र धातूच्या पेटीत वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला हात लावणाऱ्याचे शरीर हाच मार्ग उरतो. एकात एक दोन चौकोनांची खूण असलेली उपकरणे दुहेरी आवरणाची असतात. त्यांना दोन पिना चालतात.

एवढे सांगूनही कुणी म्हणालेच, की मला फरक ऐकू येतो, तर वाद घालू नये. पडद्यामागे साधी आणि महाग केबल नाणे उडवून दहा वेळा बदलावी. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, आवाजाची पातळी तीच ठेवून. बदलणारा आणि ऐकणारा यांनी एकमेकांना पाहू नये. ऐकणाऱ्याने कागदावर फक्त 'साधी' किंवा 'महाग' लिहावे. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ त ११ आहे. हा ११ कसा आला, ते वर्गात मुलांकडून काढून घ्या.