जुनी जिप्सी जपताना
लेखांक 6 : बोलणारा बेल्ट, न बोलणारा बेल्ट

मागच्या आठवड्यात आपण रेडिएटर साफ केला. पण रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी वॉटर पंप फिरवणारा बेल्टच ढिला असेल, तर घाटात गाडी तापणारच. म्हणून आज बेल्टकडे वळू.

जिप्सी डिसेंबर 1985 मध्ये 970 सीसीच्या इंजिनासह आली, तर 1298 सीसीची ‘किंग’ 1996 मध्ये. दोन्हींत मुख्य बेल्ट दोनच. बाहेर दिसतो तो फॅन बेल्ट. तो वॉटर पंप, पंखा आणि अल्टरनेटर फिरवतो. कव्हरच्या आत असतो तो दातेरी टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक, हा हिशेब तो सांभाळतो.

फॅन बेल्ट आधी सांगून जातो. सकाळी सुरू करताना किंवा ओढ्यातून बाहेर आल्यावर तो किंचाळतो, चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. इंजिन बंद आणि थंड असताना दोन पुलींच्या मधोमध तो अंगठ्याने जोरात दाबा. साधारण 6 ते 9 मिमी दबला तर ताण बरोबर. जास्त दबला तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करा, अल्टरनेटर बाहेर ओढून धरा आणि पुन्हा आवळा. फार ताणलात तर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग जाईल. आवाज थांबावा म्हणून बेल्टला साबण किंवा ग्रीस लावू नका. चिखलाने माखलेल्या पुली धुऊन कोरड्या करा. कडेला भेगा असतील किंवा आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर बेल्ट बदला. नवा बेल्ट थोडा सैलावतो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा.

टायमिंग बेल्ट मात्र काही सांगत नाही. तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. या इंजिनांना साधारण 1 लाख किलोमीटरची मर्यादा धरतात, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. माझी जिप्सी घेतली तेव्हा मीटरवर 62 हजार होते आणि ‘बेल्ट नवाच आहे’ असं तोंडी आश्वासन. कव्हर उघडलं तर दातांच्या फटींत वाळलेला चिखल, खालच्या भागावर ऑईलची ओल. बेल्ट बोटांत उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसल्या. तेव्हापासून ज्या बेल्टची नोंद नाही तो जुनाच समजतो, आणि किलोमीटर कमी भरले तरी पाच वर्षांनी बदलतो.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. मग पंखा, फॅन बेल्ट, पुली आणि कव्हर. जुना बेल्ट उतरवण्याआधी खुणा जुळवा : कॅम पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या खुणेशी आणि क्रँकच्या पुलीवरचा ठिपका ऑईल पंपावरच्या बाणाशी.

यानंतरची पायरी घाईत गाळली जाते. आठ व्हॉल्व्हच्या कार्ब्युरेटर इंजिनात रॉकरचे ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करायचे असतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब कॅमवर राहिला तर कॅम मोकळा फिरत नाही आणि टेन्शनरच्या स्प्रिंगला बेल्ट नीट ओढता येत नाही. इथला ताण त्या स्प्रिंगने ठरवायचा, आपल्या मनगटाने नाही. बेल्ट चढवून क्रँक पान्याने समोरून घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवा. ढिलाई निघून जाते. मग टेन्शनर आवळा. खुणा पुन्हा जुळल्या नाहीत तर पहिल्यापासून करा. एक दात चुकला तरी इंजिनाची ओढ जाते. शेवटी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स पुन्हा बसवायला विसरू नका.

एवढं उघडलंच आहे तर टेन्शनर आणि कॅम-क्रँकचे ऑईल सीलही बदला. जुन्या सीलमधून झिरपणारं ऑईल नवा बेल्ट अकाली खातं. कव्हरचं रबरी सीलही नीट बसवा, नाहीतर पुढच्या ओढ्यातला चिखल पुन्हा आत येईल.

काम संपलं की बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि मीटरचा आकडा पक्क्या शाईने लिहा. जो बेल्ट स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने हे दोन आकडे बोलतील. गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती गेली तरी.

पुढच्या आठवड्यात : कार्ब्युरेटर.