बंगालच्या अंगाईत ज्यांची भीती घातली जाते, ते नागपूरचे रघुजी भोसले नेमके कोण होते ?

वर्ध्याला खेटून असलेलं नालवाडी म्हटलं की आठवतात विनोबा. पवनारला जाण्याआधी १९३० च्या दशकात त्यांचा आश्रम इथंच होता. पण त्याच्याही दोनशे वर्षं मागं गेलं, तर हा भाग एका वेगळ्याच माणसाच्या हातात जाताना दिसतो. तेव्हा वर्धा जिल्हा नव्हता, तो नागपूरमधून वेगळा झाला १८६२ साली. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा आणि त्यांच्याही आधी देवगडच्या गोंड राजांचा.

गोंडांकडून भोसल्यांकडे सत्ता आणणारा माणूस म्हणजे पहिले रघुजी भोसले.

रघुजी हिंगणीकर भोसले घराण्यातले. वऱ्हाडात त्यांचे चुलते कान्होजी 'सेनासाहेब सुभा' होते. कान्होजींचं छत्रपती शाहू महाराजांशी बिनसलं आणि शाहूंनी त्यांच्यावर पाठवलं ते पुतण्यालाच. वणीजवळच्या मंदर इथं रघुजींनी चुलत्यांना हरवलं, कैद केलं आणि सेनासाहेब सुभा हे पद त्यांच्याकडे आलं.

आता येऊया नागपूरवर. देवगडचे राजे चांद सुलतान वारले आणि वलीशाहानं गादी बळकावली. राणी रतनकुंवर यांनी मदतीला बोलावलं रघुजींना. रघुजी आले, वलीशाहाचा बंदोबस्त केला, राणीच्या मुलांना गादीवर बसवलं आणि मोबदला घेऊन परत गेले. पुढं अकबरशाह आणि बुऱ्हाणशाह या दोन भावांत भांडण लागलं. बुऱ्हाणशाहानं पुन्हा रघुजींना बोलावलं. यावेळी मात्र ते परत गेलेच नाहीत.

पण गंमत बघा, त्यांनी गोंड राजाला हटवलंही नाही. बुऱ्हाणशाहाला नेमणूक बांधून दिली, राजाचा मान ठेवला आणि कारभार स्वतःकडे घेतला. रघुजी तलवारबाज होतेच, पण त्यांच्यातला मुत्सद्दी दिसतो तो इथं.

दरम्यान १७४० मध्ये त्यांनी कर्नाटकात अर्काटच्या नवाबाला हरवलं, नवाब दोस्त अली लढाईत मारला गेला. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केलं. एवढं झाल्यावर नजर वळली बंगालकडे.

१७४२ साली रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये घुसले. मुर्शिदाबादला जगतशेठची पेढी लुटली गेली, गावंच्या गावं जळाली. सरकारी घोडा घेऊन लढणारा स्वार म्हणजे बारगीर, त्याचं बंगालीत झालं 'बर्गी'. बर्गी आले म्हणून बाळाला झोपवणारी अंगाई तिथं आजही गातात. कलकत्त्यात इंग्रजांनी घाबरून 'मराठा डिच' नावाचा खंदक खणायला घेतला, तो पूर्ण झालाच नाही. आपल्याकडे या स्वाऱ्यांचा पराक्रम सांगतात, पण ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी ती लूटच होती. दोन्ही गोष्टी सोबतच सांगायला हव्यात.

यात पेशव्यांशीही ठिणगी पडली. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे चक्क बंगालचा नवाब अलीवर्दीखानाच्या मदतीला गेले. मराठेच मराठ्यांसमोर. शेवटी शाहू महाराजांनी मध्यस्थी केली आणि बंगाल, ओडिशाची चौथाई रघुजींच्या वाट्याला आली.

पुढच्याच वर्षी अलीवर्दीखानानं भास्कररामांना तहाच्या बोलणीसाठी मनकऱ्याच्या छावणीत बोलावलं. ३१ मार्च १७४४ ला तंबूतच त्यांचा आणि वीसहून जास्त सरदारांचा खून झाला.

दुसरा कुणी असता तर बंगालचा नाद सोडला असता. रघुजी १७४५ ला स्वतः चालून गेले. नवाबाला गादीवरून काढणं त्यांना जमलं नाही, पण दरवर्षी येणाऱ्या फौजांनी नवाब थकला. १७५१ ला तह झाला. वर्षाला १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा महसूल. ओडिशाची हद्द ठरली सुवर्णरेखा नदी. दहा वर्षांच्या लढायांनी जे मिळालं नव्हतं, ते या एका कागदानं दिलं.

१४ फेब्रुवारी १७५५ ला रघुजी नागपुरात वारले. त्यानंतर जानोजी आणि मुधोजी या त्यांच्या मुलांत वारशाचं भांडण लागलं. बंगालच्या नवाबाकडून मिळवलेला ओडिशा मात्र १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूरकरांकडेच होता, जगन्नाथपुरीच्या मंदिरासकट.