पाणमांजराचा माग

पाणमांजराचा अभ्यास करणारी माणसं पाण्याकडे कमी आणि बांधाकडे जास्त बघतात. गोव्यात, मांडवीतल्या चोडण बेटावर, खाजणाच्या बांधावरून त्यांच्यामागे चालताना हे ध्यानात आलं. ओहोटी लागली की काम सुरू. भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या लाकडी दारांपाशी, म्हणजे मानशीजवळ, बांध जरा उंच असतो. विष्ठा शोधायची ती आधी तिथे. कळप पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो; वासातून एकमेकांना खबर देण्याची त्यांची ती जागा.

ताजी विष्ठा काळपट, चिकट, मासळीच्या उग्र वासाची. ऊन खाल्लं की पांढुरकी होते, बोटाने चुरली तर हाती नुसते खवले, काटे आणि खेकड्याच्या कवचाचे लालसर तुकडे येतात. ती पिशवीत भरायची, तारीख-ठिकाण लिहायचं, मग चाळणीत धुवून वाळवायची आणि खवला कोणत्या माशाचा ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं. खेकडे मुंगूसही खातं, म्हणून एका खुणेवर भागत नाही. शेजारचा ठसा बघावाच लागतो; तोही कुत्र्याचा असू शकतो. कुत्र्याच्या पंजाची चार बोटं उमटतात, पाणमांजराची पाच. चिखल मऊ असेल तर बोटांमधला पडदाही दिसतो. सात ते अकरा किलोचं हे जनावर न दिसताही असं कळत जातं.

ही नजर मराठवाड्यातही हवी. भोकरदन तालुक्यात केदारखेड्याला पूर्णा आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी पुढे येलदरी, सिद्धेश्वर धरणांतून गोदावरीला मिळते. पाणमांजराला बारमाही डोह, मासे, बिळाला शाबूत काठ आणि अंग घासून कोरडं करायला वाळू लागते. वाळूचा बेसुमार उपसा झाला की काठ ढासळतो आणि बीळ करायला जागाच उरत नाही. मासे आणि डोह राखायचे, तर आधी वाळू राखली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्यात पाणी डोहापुरतं उरलं की काठाने एकदा सावकाश चाला. खडकावर खवल्यांची पांढुरकी रास दिसली, तर आकार कळावा म्हणून शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि वनविभागाला कळवा. जागा मात्र मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका; कातड्यासाठी या प्राण्याची शिकार होत आलेली आहे.