घाणा, गिरणी आणि तेलाच्या धंद्याचें भवितव्य

स्वयंपाकघरांतील तेलाचा डबा संपला म्हणजे भावाची चर्चा सुरू होते. तेल महाग झालें, गेल्या दिवाळीला इतकें महाग नव्हतें, असें घरोघरीं बोललें जातें. परंतु त्या डब्यांतील तेल कोणत्या शेतांतून आलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नाशकांतील एखाद्या कुटुंबानें तो विचारलाच, तर उत्तर कांहींसें अनपेक्षित वाटेल. भारतांत खपणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें. अलीकडच्या वर्षांत ही आयात दरसाल सुमारें १५० ते १६५ लक्ष टनांच्या घरांत गेली आहे. इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेल, अर्जेंटिना व ब्राझील येथील सोयाबीनचें तेल आणि रशिया व युक्रेन येथील सूर्यफुलाचें तेल हे त्या आयातीचे मुख्य भाग होत. ज्या देशांत गांवोगांव तेल्याचा घाणा फिरत होता, त्या देशावर ही पाळी कां यावी? हें समजण्यास थोडा इतिहास व थोडें अंकगणित, दोन्ही लागतात.

खानदेश व नाशिक ह्या भागांतील जुनें प्रमुख गळिताचें धान्य म्हणजे भुईमूग. त्याच्या जोडीस तीळ, करडई, जवस आणि डोंगराळ मुलखांत खुरसणी. गांवचा तेली हें धान्य मोठ्या उखळांत घालून लाटेखालीं चिरडीत असे, व डोळ्यांवर झापडें बांधलेला बैल ती लाट फिरवीत असे. तेल ताजें व सुवासिक निघे. मात्र पेंडींत शेंकडा १० ते १२ भाग तेल अडकून राही. शंभर किलो शेंगदाणे गाळले तर सहा-सात किलो तेल पेंडीबरोबर गुरांच्या दावणीला जाई. ही उणीव कमी करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें मगनवाडींत घाण्याची सुधारणा हातीं घेतली, आणि झवेरभाई पटेल ह्यांच्या परिश्रमांतून ‘वर्धा घाणी’ तयार झाली. आज शहरांतून ‘लाकडी घाण्याचें तेल’ म्हणून जें विकलें जातें, त्याचा घाणा विजेवर फिरतो. परंतु पेंडींत तेल राहण्याचा प्रकार तोच असल्यामुळें त्याचा भाव चढा असतो.

गिरणीनें ही गळती थांबविली. मळसूत्री दाबयंत्रांतून निघालेल्या पेंडींत शेंकडा ६ ते ८ भागच तेल उरतें. त्यापुढची पायरी द्रावकाची. पेंड किंवा चुरा हेक्झेन नांवाच्या द्रवांत भिजविला कीं तेल त्यांत विरघळतें. मग उष्णता देऊन द्रव उडवून लावतात व तेल मागें राहतें. ह्या रीतीनें पेंडींत शेंकडा एक भाग तेलही राहत नाहीं.

तेल अधिक निघूं लागलें त्याप्रमाणें त्याचें रूपही पालटतां येऊं लागलें. निकेल धातूच्या सान्निध्यांत तापलेल्या तेलांतून हायड्रोजन वायु सोडला असतां पातळ तेल तुपासारखें घट्ट होतें. विल्हेल्म नोरमन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं ह्या शोधाचें पेटंट घेतलें. त्याच विद्येवर जळगांव जिल्ह्यांतील अमळनेर येथें एक कारखाना उभा राहिला. महंमद हुसेन हाशम प्रेमजी ह्यांनीं २९ डिसेंबर १९४५ रोजीं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापिली. कारखान्यासाठीं अमळनेर निवडण्याचें कारण उघड होतें: भोंवतालीं भुईमुगाचीं शेतें होतीं. तेथें वनस्पति तूप व कपडे धुण्याचा साबण तयार होई. हीच कंपनी पुढें ‘विप्रो’ ह्या नांवानें संगणकाच्या धंद्यांत जगप्रसिद्ध झाली.

परंतु ह्या प्रगतींत एक गोष्ट दडलेली होती. घाण्याला शेजारच्या शेतावांचून गत्यंतर नव्हतें. यंत्राला तें बंधन राहिलें नाहीं. शुद्धीकरणानें कोणत्याही तेलाचा रंग व वास काढतां येतो, आणि घट्ट करावयाचें तेल भुईमुगाचेंच असलें पाहिजे असें नाहीं. पुढें वनस्पति तुपासाठीं परदेशी पामतेल सर्रास वापरलें जाऊं लागलें. शिवाय तेल अर्धवट घट्ट करतांना ‘ट्रान्स’ जातीचे स्निग्ध पदार्थ उत्पन्न होतात व ते हृदयास अपायकारक ठरतात, हें सिद्ध झाल्यावर त्यांच्यावर निर्बंध आले. जानेवारी २०२२ पासून भारतांत तेलातुपांतील त्यांची मर्यादा शेंकडा २ आहे.

शेतांतही पालट झाला. भुईमुगाचें बियाणें महाग. हेक्टरी शंभर किलोंहून अधिक दाणे पेरावे लागतात, आणि काढणीच्या वेळीं मजूर पुष्कळ लागतात. सोयाबीनची मळणी यंत्रावर झटपट होते. त्यामुळें सोयाबीन महाराष्ट्रांत पन्नास लक्ष हेक्टरांच्या आसपास पसरलें. निफाड, येवला, सिन्नर ह्या तालुक्यांतही तें दिसतें, व लासलगांवची बाजारपेठ कांद्याबरोबर त्याचाही व्यापार करते.

मग तेलाची टंचाई कां? ह्याचें उत्तर एका क्विंटलांत आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळलें तर तेल सुमारें १८ किलो आणि पेंड सुमारें ८० किलो मिळते. म्हणजे सोयाबीन हें वस्तुतः पेंडीचें पीक असून तेल हें त्याचें जोडउत्पन्न होय. त्याचा भाव कोंबड्यांच्या खाद्याच्या बाजारावर बराच अवलंबून असतो. २०२४ च्या हंगामांत ह्याचा पडताळा आला. सप्टेंबरांत सरकारनें कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातकर शून्यावरून शेंकडा २० केला. शहरांत तेल महागलें, तरीही पेंडीचा बाजार मंद असल्यानें शेतकऱ्याचें सोयाबीन क्विंटलास ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीं विकलें गेलें. मे २०२५ अखेर तो कर शेंकडा १० वर आणण्यांत आला. गृहिणीनें अधिक पैसे मोजले, पण ते शेतकऱ्याच्या पदरीं पडले नाहींत.

आतां हेक्टरी हिशेब पाहावा. दहा क्विंटल सोयाबीनमधून तेल पावणेदोन क्विंटलांच्या थोडें वर. बारा क्विंटल भुईमुगाच्या शेंगांतून, टरफल वजा जातां, साडेतीन क्विंटलांहून अधिक. खुरसणीच्या दाण्यांत शेंकडा ३५ ते ४० भाग तेल असतें, परंतु पीकच हेक्टरी तीन-चार क्विंटल. म्हणून तेल सव्वा क्विंटलाच्या आसपास. पाम वृक्षांपासून मात्र हेक्टरी तीस क्विंटलांहून अधिक तेल मिळतें. पामतेल स्वस्त कां, हें येथें कळतें. पण त्या वृक्षाला बारमाही ओलावा लागतो, व तो नाशिकच्या पठारावर मिळणें नाहीं.

ह्या आंकड्यांवरून ह्या प्रदेशापुरता मार्ग दिसूं लागतो. ज्याचें मोल मुख्यतः तेलांतच आहे, अशा पिकाकडे वळलें पाहिजे. जेथें पाणी आहे तेथें उन्हाळी भुईमूग, आणि तो काढण्यास व फोडण्यास सोईचीं लहान यंत्रें. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील वरकस उतारांवर थोडींच पिकें नीट येतात. तेथें खुरसणी पिवळ्या फुलांनीं डोंगर भरून टाकते. इगतपुरीच्या संशोधन केंद्रांत तिच्या सुधारित वाणांवर काम झालें आहे. ह्या पिकाचें परागीकरण मधमाश्यांवर अवलंबून असल्यामुळें शेताच्या बांधावर मधपेट्या ठेवल्यास दाणाही वाढतो व मधही मिळतो. २०२५-२६ सालासाठीं खुरसणीचा हमीभाव क्विंटलास ९,५३७ रुपये ठरला. परंतु खरेदीची सोय डोंगराच्या पायथ्याशीं नसेल, तर हा आंकडा कागदावरच राहावयाचा.

केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें गळिताच्या धान्यांसाठीं १०,१०३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०३०-३१ पर्यंत देशाच्या गरजेपैकीं शेंकडा ७२ भाग तेल देशांतच निर्माण व्हावें, असा तिचा उद्देश आहे. तो सफल होण्यास बियाणें व यंत्रें तर हवींतच. पण त्याहूनही भावाची स्थिरता हवी. पेरणीच्या वेळीं एक कर व काढणीच्या वेळीं दुसरा, अशी स्थिति राहिली तर शेतकरी मका किंवा कांदा लावील, आणि त्याला दोष देतां येणार नाहीं.

शहरांतील कुटुंबाचाही ह्यांत वांटा आहे. डब्यावर तेलाचें नांव वाचावें, तें कोणत्या दाण्याचें आहे हें पाहावें, आणि भुईमुगाचें वा खुरसणीचें तेल चार पैसे महाग कां पडतें तें समजून घ्यावें. तेल बेतानें वापरणें प्रकृतीलाही हितकर. थोडें वापरून चांगलें घेतलें, तर महिन्याचा खर्च फारसा वाढत नाहीं, आणि सुरगाण्याच्या उतारावरील खुरसणीला नाशकांतच गिऱ्हाईक मिळतें.