कळंबच्या सूर्यास्तात चेहरा काळा का येतो?

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून रिक्षा पकडली की कळंबचा किनारा फार लांब नाही. रविवारी संध्याकाळी सुरूच्या झाडांतून बाहेर आलात की हमखास एक दृश्य दिसतं. मावळत्या सूर्याकडे पाठ करून कुणीतरी उभं आहे आणि दोस्त मोबाईलवर फोटो काढतोय. फोटोत आकाश झकास, चेहरा मात्र कोळसा. मग शिव्या मोबाईलला.

खरं तर मोबाईलने त्याचं काम चोख केलेलं असतं. कॅमेऱ्याचा मूळ हिशोब साधा आहे: समोरचा सगळा उजेड मोजायचा आणि त्याची सरासरी मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणायची. फ्रेममध्ये सूर्य आणि चमकणारं पाणी आलं की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला. तो सगळा फोटोच गडद करतो. नवे फोन चेहरा ओळखतात, कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक फोटो बनवतात (त्यालाच एचडीआर म्हणतात), पण सूर्य थेट पाठीमागे असला की त्यांचीही दमछाक होते.

अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा. आता कॅमेरा चेहऱ्याचा उजेड धरून हिशोब करेल. चेहरा उजळेल, पण आकाश पांढरं पडेल. आणि पांढरं पडलेलं आकाश नंतर परत येत नाही. नेहमीच्या जेपीजी फोटोत प्रत्येक रंगाचा उजेड ० ते २५५ अशा आकड्यांत साठवला जातो. २५५ ला टेकलेल्या जागी ढग होता की लाली, हे फाईलमध्ये उरतच नाही. अंधारातला भाग एडिटिंगमध्ये थोडा उजळता येतो, दाणेदार दिसला तरी.

दोन्ही हवंय? मग माणसाला थोडं वळवा, उजेड गालावर येऊ द्या. नाहीतर सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांबा. आकाश आणि चेहरा यांच्यातला फरक कमी होतो. लोक नेमके तेव्हाच परतायला निघतात! फक्त त्या उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून पळणारी पोरं पुसट येतात.

हाच हिशोब पोटापाण्याशीही येऊन भिडतो. वसईच्या किनारपट्टीवरचे सुके बोंबील आता व्हॉट्सॲपवरही विकले जातात. पांढऱ्या कापडावर माल मांडून फोटो काढला, तर कॅमेरा त्या पांढऱ्यालाही करडं करतो आणि चांगला माल जुनाट दिसतो. इथे स्क्रीनवर बोट टेकवून बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायचं, कापड डोळ्यांना दिसतं तितकंच पांढरं होईपर्यंत. त्यापुढे गेलात तर ती गिऱ्हाईकाची फसवणूक.

निळ्या ताडपत्रीखाली तर ताजं पापलेटही निळसर येतं, कारण उजेडच निळा गाळून येतो. मासळीची पाटी दोन पावलं बाहेर, मोकळ्या सावलीत आणली की काम होतं. फिल्टर लागत नाही.

आणि हो, आधी लेन्स पुसा. खारा वारा आणि भज्यांचं तेल लागलेल्या लेन्सवर सूर्याचा उजेड पसरतो आणि सगळा फोटो धुरकट होतो. जुना मऊ सुती रुमाल पुरतो, फक्त त्यात वाळू नसावी.