पेयनामे आणि व्यवहार : मराठीतील थंड पेयांच्या नावांविषयी काही विचार

खाद्यपेयांच्या शब्दांचा विचार आपल्याकडे बहुधा व्युत्पत्तीच्या अंगाने झाला आहे. शब्द तत्सम की तद्भव, फारसीतून आला की इंग्रजीतून, याचा निर्णय झाला की विवेचन संपते. हा विचार आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा नाही. पेय ही एका माणसाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाची वस्तू आहे. ती कोण देतो, कोणत्या नात्याने देतो आणि तिचे मोल घेतो की नाही, यावर तिचे नाव पुष्कळसे अवलंबून असते. मराठीतील थंड पेयांच्या नावांचे काही थर या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सर्वांत जुन्या थरातील शब्द म्हणजे ‘ताक’. संस्कृत ‘तक्र’पासून तो आला, हे सर्वमान्य आहे. त्याहून अधिक माहिती मराठी म्हणी देतात. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ आणि ‘ताकापुरते रामायण’ या दोन्ही म्हणींत एक माणूस दुसऱ्याच्या दारी ताक मागावयास गेलेला आहे. पहिलीत तो मागावयाचे संकोचाने टाळतो, तर दुसरीत ताक पदरात पडेपर्यंतच गोडीने बोलतो. पैसा दोन्हींत कोठेही नाही. दही घुसळले की लोणी घरात राहावे आणि ताक शेजारी वाटावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात भांडे नेणे हीच मागणी होती. म्हणून भांडे लपविणाऱ्याचे हसे होते. आज पिशवीबंद ताकावर ‘छास’ हा गुजराती वळणाचा शब्दही दिसतो. तेथे भांडे नेण्याचा प्रश्न उरत नाही. म्हण मात्र टिकून आहे. ज्या व्यवहारातून ती जन्मली, तो ठाऊक नसलेली पिढी ती वापरते.

‘गूळपाणी’ हा याच थरातील दुसरा शब्द. उन्हातून आलेल्या पाहुण्यास गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे करण्याची रीत या सामासिक शब्दात साठविली आहे. पुढे चहा आला आणि ‘चहापाणी’ हा शब्द रूढ झाला. त्यातील ‘पाणी’ने तहान भागवण्याचे काम सोडून आदरातिथ्याचा अर्थ धारण केला. हाच शब्द आज लाच या अर्थानेही सूचकपणे वापरला जातो. देण्याच्या व्यवहाराचा शब्द घेण्याच्या व्यवहारात कसा उतरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’शी जोडला जातो. कानडीत ‘पानक’ आणि तेलुगू-तमिळमध्ये ‘पानकम्’ ही रूपे गूळ, मिरी, वेलदोडा घातलेल्या पेयासाठी वापरात आहेत आणि रामनवमीशी त्यांचा निकटचा संबंध आहे. मराठीत गुळाचे, चिंचेचे पन्हे असले, तरी नुसते ‘पन्हे’ म्हटले की कैरीचेच डोळ्यांपुढे येते आणि त्याच्याबरोबर चैत्रातले हळदीकुंकू व आंब्याची डाळ आठवते. एका शब्दाची दोन पेये झाली. दोन्ही ठिकाणी ते सणाच्या दिवशी वाटण्याचेच पेय राहिले. शब्दाने पदार्थ बदलला, पण व्यवहार बदलला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या घरगुती थरात शब्दांची सूक्ष्मता किती असते, हे कोकणात विशेष दिसते. ताजे फळ तो ‘रातांबा’; त्याची वाळवलेली साल ती ‘सोल’ किंवा ‘आमसूल’; मीठ घालून ठेवलेला रस तो ‘आगळ’; साखरेत मुरवलेला तो ‘अमृतकोकम’. नारळाच्या रसातली ती ‘सोलकढी’ आणि नारळावाचून केलेले मालवणी ‘तिवळ’. गोव्यात फळाला ‘भिंडां’, सालींना ‘सोलां’ म्हणतात आणि नारळाविना केलेल्या कढीला ‘फुटी कढी’ हे वेगळे नाव आहे. यातील प्रत्येक शब्द एका कृतीचे ज्ञान देतो. ‘आगळ’ म्हणणाऱ्याला तो खारट आहे, म्हणून कढीत वेगळे मीठ बेताने घालावे, हे सांगावे लागत नाही. शहरातील दुकानात मात्र या सर्वांच्या जागी बहुधा ‘कोकम सरबत’ हे एकच नाव दिसते. ‘सरबत’ हा पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून फारसीमार्गे आलेला शब्द. ‘शराब’ही त्याच धातूची. मराठीत त्याला गोडाचा संकेत चिकटला आहे. त्यामुळे नावाबरोबर पेयाचे स्थानही सरकले. भाताबरोबर वा जेवणाच्या शेवटी घ्यावयाची आंबट-खारी कढी मागे पडून, पाहुण्यापुढे प्रथम येणारा गोड पेला ही कोकमाची मुख्य ओळख झाली. गोड कोकम घरातही होत असे, हे खरे. परंतु घरात ते अनेकांतील एक होते.

दुसऱ्या थरात नाव देणारा घटक बदलतो. ताडापासून ‘ताडी’ आणि माडापासून ‘माडी’ ही नावे झाडावरून पडली. ‘नीरा’ हे नाव मात्र झाड सांगत नाही. ‘नीर’ या शब्दाशी नाते दाखवून ते निर्मळपणा सुचविते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने न आंबलेला रस आणि ताडी यांत भेद केला, तेव्हा या नावाला विधीचेही पाठबळ मिळाले. सकाळी जो रस नीरा असतो, तोच आंबला की दुसऱ्या नावाचा आणि दुसऱ्या कलमाचा विषय होतो. येथे नाव पदार्थापेक्षा त्याची परवानगी सांगते.

‘गोटी सोडा’ या नावाचा न्याय आणखी निराळा आहे. हायरम कॉड या इंग्रज कारागिराने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीत वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्याला घट्ट बसते आणि तीच बुचाचे काम करते. मुंबईत पालनजी, पुण्यात आर्देशिर अशा पारशी कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकातच सोडा व रासबेरीसारखी पेये विकावयास आरंभ केला होता. साध्या सोड्याला स्वतःची अशी चव नव्हती; ग्राहकाने जे पाहिले आणि ऐकले, त्यावरून नाव पडले. तमिळमध्ये ‘गोली सोडा’ आणि दिल्लीकडे ‘बंटा’ ही नावेही गोटीवरूनच आली. कृतीचे ज्ञान सांगणारे नाव जाऊन भांड्याचे वर्णन करणारे नाव आले, कारण कृती आता ग्राहकाच्या घरात उरली नव्हती.

तिसरा थर कंपन्यांच्या नावांचा. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली. त्याच वर्षी पारलेचे ‘थम्स अप’ आले आणि सरकारी कारखान्याच्या पेयाला तर त्या सालावरूनच ‘डबल सेव्हन’ हे नाव मिळाले. १९९० मध्ये पेप्सी आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि पारलेची पेये तिने विकत घेतली. या नावांत ना द्रव्य आहे, ना कृती, ना भांडे. आहे ती केवळ मालकी.

तथापि भाषक या मालकीपुढे निमूट झाला, असे म्हणता येत नाही. ‘शीतपेय’ हा घडवलेला शब्द वृत्तपत्रांत राहिला. बोलण्यात ‘कोल्ड्रिंक’ आले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘थंड’ या विशेषणाचे नाम झाले. ‘थंड घेणार की गरम?’ या प्रश्नात जुन्या गूळपाण्याचेच अगत्य नव्या वस्तूसाठी वापरले आहे. दुसरे उदाहरण अधिक मार्मिक आहे. प्लॅस्टिकच्या अरुंद नळीत रंगीत साखरपाणी गोठवून शाळांबाहेर जी स्वस्त कांडी विकली जाते, तिला महाराष्ट्रातील मुलांनी ‘पेप्सी’ किंवा ‘पेप्सीकोला’ म्हटले. त्या कंपनीशी या कांडीचा काहीही संबंध नाही. बाटली परवडत नव्हती. नाव मात्र फुकट होते. मालकीचे नाव मुलांनी असे सामायिक करून टाकले. एका मोठ्या पिढीच्या उन्हाळ्याची आठवण आज त्या नावाशी निगडित आहे.

या तीन थरांवरून एक निष्कर्ष काढता येतो. पेय जितके घराजवळ, तितकी त्याची नावे अनेक आणि कृतिसूचक. ते जितके बाजाराजवळ, तितकी नावे थोडी आणि कृतीविषयी मौन बाळगणारी. शब्दकोशात ‘आगळ’ वा ‘तिवळ’ यांपुढे ‘कोकमाचे पेय’ एवढेच लिहिल्याने शब्द वाचेल, पण भेद वाचणार नाही. बोलींच्या अभ्यासकांनी असे शब्द नोंदवताना पदार्थाबरोबर कृती, प्रसंग आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते यांचीही नोंद करावयास हवी. ज्यांनी हे शब्द हाताने वापरले, त्या वृद्ध स्त्रियांकडूनच ही माहिती मिळू शकते. त्यांच्याकडे जाताना अभ्यासकाने आपले भांडे लपविण्याचे कारण नाही.